ताई, मी काय लिहू?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकांवर आपल्या रविवारच्या अंकात लेख आला आणि त्यावर दोन आठवडे पत्रं येत आहेत. एका वाचकाने लिहिलं, हे पैसेवाल्यांचे चोचले. दुसऱ्याने लिहिलं, धर्मवेडी माणसं पोरांना घरात कोंडून ठेवतात, ‘विशेषतः ख्रिस्ती कुटुंबं’. माझ्या मिस्टरांनी पेपर माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "घे, तुझं नाव आलंय."

म्हणून लिहिते आहे. आम्ही ख्रिस्ती आहोत आणि आमच्या मुलीला आम्ही एक वर्ष शाळेतून काढून घरी शिकवलं. पैसेवाले नाही. ऐरोलीत सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मिस्टर रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आहेत, तिन्ही पाळ्या. मी एका सीएंच्या ऑफिसचं जीएसटीचं काम घरून करते. थोरली आता आठवीत आहे, धाकटा चौथीत. गाव नेवासे तालुक्यातलं, जिल्हा नगर, आता अहिल्यानगर. मराठी ख्रिस्ती म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "गोव्याचे का?" नाही हो. नाताळला आमच्याकडे केक असतो, पण त्याच्या आधी आठ दिवस करंज्या आणि चकल्यांचा घाणा चाललेला असतो. "मराठी छान बोलता तुम्ही," असंही ऐकून घेते. दुसरी कुठली बोलू?

मुलीला शाळेतून काढायचं हे एका दिवसात ठरलं नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती दुसरीत होती आणि वर्गात नीट परत बसली तेव्हा चौथी संपत आली होती. मधली सगळी शाळा आमच्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या मोबाइलवर झाली. पन्नासहून जास्त पोरं, बाई बिचाऱ्या "म्यूट करा, म्यूट करा" म्हणून घसा कोरडा करायच्या. भाजी चिरता चिरता मी ऐकत असे आणि मनात येई, याहून बरं मीच शिकवीन. असं पुष्कळ आयांच्या मनात आलं असणार. शाळा उघडल्यावर ते निघूनही गेलं असणार. माझ्या मनातून गेलं नाही.

मग पाचवीत बसमधला प्रकार झाला. रात्री जेवताना ती भाताचा घास हातात धरून विचारते, "मम्मी, आपण तांदूळ घेतला होता का?" मला वाटलं रेशनचं विचारतेय. तर बसमधल्या एका मोठ्या मुलाने तिला सांगितलं होतं, तुम्ही लोक तांदळाच्या पोत्यासाठी बाटलेले. तिला ‘बाटलेले’ हा शब्दही माहीत नव्हता. बाटली म्हणजे काहीतरी असेल असं तिला वाटलं. मिस्टर ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत गेलो. तिथे उत्तर मिळालं की मुलं मोबाइलवर काय काय बघतात, त्याला आम्ही काय करणार. बसच्या मावशींनी जागा बदलली. त्याची नाही, आमच्या मुलीची.

शाळेचं नाव मी लिहीत नाही. दुसऱ्या शाळेत दुसरं काही घडलं असतं.

त्याच सुमारास आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका घरी शनिवारी संध्याकाळी बैठक झाली. अमेरिकेत काही वर्षं राहून आलेलं एक जोडपं बोलायला आलं होतं. चार मुलं, एकही शाळेत गेलेलं नाही. बोलणं गोड, आवाज चढलेला नाही, हे मुद्दाम सांगते, कारण अशा लोकांचं जे चित्र पत्रांतून रंगवलं गेलं तसे ते नव्हते. त्यांनी बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा सहावा अध्याय वाचला. देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायच्या, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. त्यांनी विचारलं, मूल दिवसातले सात तास शाळेत, एक तास बसमध्ये आणि दोन तास क्लासला असेल, तर ही वाट चालायची कधी? मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. जे कोणी अशा पालकांना धर्मवेडे म्हणतात त्यांनी या प्रश्नावर पाच मिनिटं बसून बघावं. धर्म बाजूला ठेवा, पण आपलं मूल आपल्याला दिवसाकाठी किती वाट्याला येतं?

घरी येऊन मिस्टरांनी वहीचं पान दोन भागांत आखलं. डावीकडे शाळा, उजवीकडे घर. मी हिशेबातली बाई, म्हणून आधी पैसे लिहिले. फी ९२ हजार, बस २१ हजार, वह्या-गणवेश-सहल वेगळं. घरी शिकवायचं तर अमेरिकेतून येणारा ख्रिस्ती अभ्यासक्रम, पुस्तकं आणि चाचण्या धरून ३८ हजार. पैशांत घर जिंकलं. मग प्रश्न आला दहावीचा. तिथेही वाट निघत होती. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म तर आमच्या आधीच्या पिढ्यांनाही माहीत आहे, नापास झालेल्या आणि लग्नं झालेल्या कितीतरी बायकांनी तो भरून दहावी केली. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे.

कायद्याचं पान मात्र भरता भरेना. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क. कलम १० म्हणतं, मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य. सरळ आहे. पण ते कर्तव्य केलं नाही तर पालकाला शिक्षा काय, ते या कायद्यात लिहिलेलंच नाही. घरी शिकवणं चालेल असंही कुठे लिहिलेलं नाही, चालणार नाही असंही नाही. ओळखीच्या एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, कोणी पकडणार नाही आणि कोणी सर्टिफिकेटही देणार नाही. अधांतरी राहायची तयारी असेल तर करा."

आम्ही केलं. आणि पहिल्याच दिवशी खोटं बोललो.

एप्रिल २०२३ मध्ये शाळा सोडल्याचा दाखला आणायला गेलो. ऑफिसमधला क्लार्क भला माणूस. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यावर पेन ठेवून थांबला. "काय लिहू?" मिस्टर म्हणाले, घरी शिकवणार आहोत. तो हसला. "तसं लिहिता येत नाही साहेब. स्थलांतर लिहितो, सगळ्यांना सोपं." आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि मान डोलावली. मुलीला सत्यात वाढवायचं म्हणून शाळेतून काढलं आणि पहिला कागद निघाला तोच खोटा. ऐरोलीच्या त्याच सेक्टरमध्ये, त्याच घरात आमचं स्थलांतर झालं.

आता त्या वर्षाबद्दल. चांगलं आधी सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं.

सकाळी साडेसहाची बस नव्हती. पोरगी झोप पूर्ण करून उठायची, तिच्या डोळ्यांखालचं काळं दोन महिन्यांत गेलं. रोज दुपारी ती मला मराठी मोठ्याने वाचून दाखवायची आणि मी कणीक मळायची. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात, ती आम्ही सोडली नाहीत, सासूबाईंची तंबीच होती. आणि खाडी! ऐरोलीत वीस वर्षं राहून मला खाडी म्हणजे पुलावरून मुलुंडला जाताना नाक दाबायची जागा एवढंच माहीत होतं. त्या हिवाळ्यात आम्ही दोघी आठवड्यातून दोनदा दिवा गावाच्या बाजूने जाऊ लागलो. तिने भरती-ओहोटीचा तक्ता भिंतीवर लावला. रोज पाऊण-एक तासाने वेळ पुढे सरकते हे पुस्तकातून न सांगता तिला कळलं, कारण एकदा आम्ही कालच्याच वेळेला गेलो आणि चिखल पाण्याखाली होता. तिथे एका कोळीणमावशींनी तिला निवटी दाखवली. चिखलावर परांनी सरपटणारा, डोळे वर काढून बघणारा तो इवलासा मासा पाहून ती अर्धा तास हलली नाही. मावशी म्हणाल्या, "हा पाण्यातला का जमिनीवरला ते त्यालाच ठावं नाय." फ्लेमिंगो आले तेव्हा तिने मोजायचा प्रयत्न केला, चारशेपर्यंत गेली आणि सगळे उडाले. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर यादीत जागा मिळाली, ते तिने स्वतः शोधून मला सांगितलं. असा अभ्यास कुठल्या शाळेत होतो? आठवीत आजही विज्ञानाच्या बाई तिला खाडीबद्दल बोलायला उभं करतात.

पण हे सगळं त्या ३८ हजारांच्या पुस्तकांत नव्हतं. त्या पुस्तकांत काय होतं तेही सांगते. गणितात पैसे होते पेनी, निकेल, डाइम आणि क्वार्टर. "मम्मी, चार क्वार्टरचे किती होतात?" असं पोरीने विचारलं, तेव्हा मिस्टर रात्रपाळी करून चहा पीत बसले होते. त्यांना ठसका लागला. आपल्याकडे क्वार्टर कशाला म्हणतात ते सहावीच्या पोरीला कसं सांगायचं? इतिहासात जहाजातून उतरलेले धार्मिक इंग्रज होते, त्यांचं पहिलं पीक होतं, बर्फ होता. नेवासे नव्हतं. देवाने इतिहास घडवला असं पानोपानी लिहिलेलं, पण तो देव नगर जिल्ह्यात कधी आलाच नव्हता. विज्ञानाच्या पुस्तकात उत्क्रांती म्हणजे थाप, एका परिच्छेदात निकाल. मी विश्वास ठेवणारी बाई आहे, तरी मला ते रुचलं नाही. आपल्या राज्याच्या दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा अख्खा धडा आहे. आधी समजून घेऊ दे, मग वाद घालू दे.

आणि शास्त्र. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हा त्या अभ्यासक्रमात विषय होता, रोजचा तास, शुक्रवारी चाचणी. मी उत्साहाने घ्यायची. साधारण दिवाळीच्या सुमारास लक्षात आलं की रात्रीच्या प्रार्थनेला पोरगी टाळाटाळ करतेय. आधी ती स्वतः चटई अंथरायची आणि भजन कुठलं घ्यायचं ते ठरवायची. आता म्हणायची, "आज झालंय ना सकाळी?" एका शुक्रवारी योसेफाच्या गोष्टीवर तिला दहापैकी सात मिळाले. भाऊ त्याला विहिरीत टाकतात, विकतात, आणि हाच भाऊ त्यांना दुष्काळात धान्य देतो. लहानपणी माझ्या मांडीवर बसून ही गोष्ट ऐकताना ती रडली होती. आता तिने विचारलं, "तीन मार्क कुठे गेले?" मला काय वाटलं ते सांगता येत नाही. मी लाल पेन ड्रॉवरमध्ये टाकला तो परत काढला नाही.

आणखी एक. वर्गातल्या बाई दुपारी घरी जातात. मी कुठे जाणार? अपूर्णांकांवरून आमचं भांडण व्हायचं ते जेवणाच्या ताटापर्यंत यायचं. मी रागावले की तिला जवळ घ्यायला आई कोण? तीही मीच. धाकटा शाळेतच होता, त्याला पुढच्या वर्षी काढायचं ठरलं होतं. तो दुपारी बसमधून उतरायचा. बसची वेळ झाली की थोरली काही ना काही निमित्त काढून ग्रिलपाशी जायची. दोरीवरचे कपडे बघायला, कुंडीला पाणी घालायला. मैत्रिणी खाली उतरायच्या, वर बघून हात करायच्या. ही हात करायची नाही. नुसती बघायची.

फेब्रुवारीतली ती दुपार मला तारखेसकट आठवते. बेल वाजली. दारात पन्नाशीच्या एक बाई, खांद्याला पिशवी, हातात फॉर्मचा गठ्ठा, घामाघूम. महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका, शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणावर निघालेल्या. पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. थोरली टेबलाशी वही घेऊन बसलेली. "कितवीत गं बाळ?" तिने माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, दाखल्याच्या खोटेपणासकट. मला वाटलं बाई रागावतील. त्यांनी तिला वही दाखवायला सांगितली, खाडीची चित्रं निवांत बघितली, एकोणिसाचा पाढा म्हणायला लावला, तो तिने म्हटला. मग फॉर्म पुढे ओढला आणि पेन काढून थांबल्या. अगदी त्या क्लार्कसारख्या.

"ताई, तुमचं ठीक आहे हो. पोर हुशार आहे. पण मी काय लिहू? माझ्याकडे दोनच रकाने. शाळेत जाते, शाळेत जात नाही."

मग त्या बोलल्या. सकाळपासून दिघ्याच्या वस्तीत फिरत होत्या, दगडखाणीच्या बाजूला. तिथे एक मुलगी भेटली, आमच्या थोरलीच्याच वयाची. तिसरीनंतर शाळा सुटली, आई-बाप कामावर, ही दोन लहान भावंडं सांभाळते. तिला बाईंनी ‘शाळेत जात नाही’मध्ये लिहिलं होतं. आता त्याच कागदावर, तिच्याच खालच्या ओळीत, आमच्या मुलीचं नाव गेलं. मी वाचलं ते. बाईंचं अक्षर वळणदार होतं.

सासूबाई त्या वेळी आमच्याकडेच होत्या. त्या निवृत्त शिक्षिका, नगरला उभी हयात फळ्यासमोर गेली. वर्षभर त्या काही बोलल्या नव्हत्या. सून आणि मुलगा ठरवतील ते ठरवतील. त्या संध्याकाळी लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "माझी आजी बायबलबाई होती. गावोगाव पायी जायची, वाड्या-वस्त्यांवर. दारात उभी राहून लोकांच्या शिव्या खायची आणि पोरी मागून आणायची शाळेसाठी. आणि तू शाळेतनं पोर मागून आणलीस होय गं?"

त्यांच्या त्या वाक्याने मला जे दिसलं ते त्या शनिवारच्या बैठकीत दिसलं नव्हतं. घरी शिकवणं हे ख्रिस्ती माणसाचं खरं वळण आणि शाळा ही जगाची, अशी तिथे मांडणी होती. अमेरिकेत असेल. तिथे १९९३ पर्यंत सगळ्या पन्नास राज्यांत घरी शिकवायला कायद्याने मोकळीक मिळाली आणि त्यासाठी झगडणाऱ्यांत ख्रिस्ती पालक पुढे होते. पण जर्मनीही ख्रिस्ती परंपरेचाच देश, आणि तिथे शाळा सक्तीची. तिथल्या एका ख्रिस्ती कुटुंबाची तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ मध्ये दाखलच करून घेतली नाही. म्हणजे हा शास्त्राचा नियम नव्हे, एकेका देशाच्या इतिहासाची गोष्ट आहे.

मग आमचा इतिहास काय? नेवाशाचा, नगरचा? आमच्या पूर्वजांना गावच्या शाळेच्या ओट्यावरही कोणी बसू देत नव्हतं. ते शाळेच्या दारातून आत गेले तेव्हा माणसांत आले. अमेरिकन मिशनची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली आणि पुढे नगरला मिस फेरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्या जोतीरावांनी पाहिल्या होत्या, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे तिथेच घेतले. तांदळाच्या पोत्याबद्दल बोलणाऱ्या त्या बसमधल्या मुलाला कोणीतरी हे सांगायला हवं होतं. पोतं नव्हतं रे बाळा, पाटी होती.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण त्या बैठकीतही निघालं होतं, घरी शिकलेली थोर ख्रिस्ती स्त्री म्हणून. खरं आहे. १८५८ साली गंगामूळच्या रानात जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेला, आणि त्या आईने लेकीला शिकवलं. पण रमाबाईंना घरी शिकावं लागलं ते त्या काळी मुलींना शिकायची दुसरी सोयच नव्हती म्हणून. हाती बळ आल्यावर त्यांनी काय केलं? १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे उभं राहून शिक्षिका तयार करा म्हणून सांगितलं, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढलं. त्याआधी १८८३ मध्येच त्या ख्रिस्ती झाल्या होत्या. स्वतः रानात शिकलेल्या बाईने दुसऱ्यांच्या लेकींना रानात नेलं नाही.

मिस्टर आणि मी तीन रात्री बोललो. वही परत काढली. मी त्यांना म्हटलं, खरं सांगा, आपण तिला कशासाठी काढलं? विश्वासासाठी की भीतीने? ते म्हणाले, "मला त्या पोराचं थोबाड फोडायचं होतं. ते करता येईना म्हणून पोरगीच काढून घेतली." मला त्यांचं ते उत्तर आवडलं. माझं उत्तर इतकं साफ नव्हतं. माझ्यात थोडा अहंकारही होता, मी शिकवीन तसं कोणी शिकवणार नाही. शाळेतल्या श्लोकांची किंवा सरस्वतीच्या फोटोची भीती मला कधीच नव्हती. मी स्वतः चित्रकलेच्या परीक्षेत गणपती काढून चांगले मार्क आणले आहेत. त्याने माझी श्रद्धा कुठे गेली नाही.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, आपण जगाचं मीठ, मीठ डब्यात ठेवून काय उपयोग. वाक्य छान आहे, पण पटलं नाही, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. अकरा वर्षांच्या पोरीला मीठ म्हणून कोणाच्या कालवणात टाकायचं नसतं. ती शाळेत जाईल ती शिकायला. बायबलमधल्या दानिएलाला बाबेलची भाषा आणि विद्या शिकावी लागली, मोशे मिसऱ्यांच्या, म्हणजे इजिप्तच्या, विद्येत तयार झाला, आणि बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजींच्या मधे बसून ऐकत होता, प्रश्न विचारत होता. घरची माणसं तीन दिवस शोधत होती तोवर. पाळकसाहेब हसले. "मग तुमचं ठरलंय की," म्हणाले.

जून २०२४ मध्ये थोरली सातवीत बसली, दुसऱ्या शाळेत, घरापासून चालत दहा मिनिटांवर. बसच नको. प्रवेशाला त्रास झालाच. मधल्या वर्षाचा दाखला कुठे, गुणपत्रिका कुठे. वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ सांगतं, ते छापून नेलं होतं, त्याचा उपयोग झाला. मराठी सर्व शाळांत सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये आला, त्यामुळे तिथे मराठीही आहे. आणि अनुवादाचा सहावा अध्याय? ती दहा मिनिटांची वाट आहे ना, जाताना मी असते आणि येताना पाळी असेल तसे पप्पा. शास्त्राला मार्क नाहीत. चटई कोण अंथरणार यावरून आता भावंडं भांडतात.

शाळा फार थोर आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. फळ्यावरचं उतरवून घेणं तिथेही चालतंच. आणि घरी शिकवणारे सगळे आमच्यासारखे चुकले असंही नाही. घोडबंदर रोडला आमच्या ओळखीचं एक कुटुंब आहे, त्यांच्या मुलाला अक्षरं उलटसुलट दिसतात. दोन शाळांनी त्याला मागच्या बाकावर बसवून ठेवलं, तिसरीने पालकांना बोलावून ‘दुसरीकडे बघा’ म्हटलं. त्या आईने त्याला घरी घेतलं आणि चार वर्षांत वाचायला शिकवलं. आता त्याची एनआयओएसची तयारी चालू आहे. तिला कोणी चोचले म्हणालं तर मी भांडेन. पण तीही दारावर बेल वाजली की आधी खिडकीतून बघते, कोण आलंय. काही चुकीचं न करता चोरासारखं राहायचं.

शिक्षण विभागाकडे मागणं आहे ते एवढ्यासाठीच. घरी शिकवायला परवानगी द्या किंवा देऊ नका, पण काय ते लिहा. द्यायची तर जवळच्या महापालिका शाळेत किंवा केंद्रप्रमुखांकडे मुलाची नोंद करा. वर्षातून एकदा त्याला तिथे बोलावून वाचन, लेखन, गणित बघा. पालकांना कोणत्या मंडळाची पुस्तकं वापरायची ते वापरू द्यात, पण मूल शिकतंय ना हे सरकारच्या एका माणसाने वर्षातून एकदा डोळ्यांनी बघायला हवं. घरात कोंडून कामाला जुंपलेली मुलंही ‘घरी शिकतात’ म्हणून खपवली जातील हा धोका खरा आहे, म्हणून नोंद हवीच. आणि द्यायची नसेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे वकील शोधत फिरावं लागणार नाही. दाखल्यावर स्थलांतर लिहावं लागू नये आणि उन्हातून जिने चढून आलेल्या बाईंना पेन हातात धरून थांबावं लागू नये.

त्या बाई परत भेटल्या, मागच्या पावसाळ्यात, ऐरोली स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी. मी त्यांना सांगितलं, पोरगी शाळेत जाते आता. त्यांना इतका आनंद झाला की माझा हातच धरला. ठाण्याची लोकल लागली, त्या धावतच गेल्या. दिघ्याच्या त्या मुलीचं काय झालं, ते विचारायचं राहिलं.

आपली वाचक,
ऐरोली, नवी मुंबई
(मुलीच्या शाळेमुळे नाव छापू नये ही विनंती.)